सहा व्होल्ट

माझ्या नवऱ्याला घरातला मिठाचा डबा सापडत नाही,
पण कुठला बोल्ट कुठल्या कारखान्यातला
ते तो अंधारात अंगठ्याने चाचपून सांगतो.
बोल्टच्या डोक्यावर एवढंसं अक्षर असतं, एफ.
ते नसेल तर बोल्ट परका.
परका बोल्टही घट्ट बसतो, कुरकुरत नाही,
तरी फिर्मँ तो उपटून काढतो
डोळ्यातला कण काढावा तसा.

मी व्हिएल्सामच्या पोस्टात. पार्सलं माझ्याच हातून जातात.
पोलंडहून कॅनव्हासचे पट्टे.
ओहायोतल्या कुणा विधवेकडून फावडं,
दांड्यावर अजून एका तळहाताचा काळेपणा.
जेरीकॅन हवा होता त्रेचाळीसचा, आला एकावन्नचा,
दोन दिवस हा माणूस धड जेवला नाही.
कस्टमच्या कागदावर लिहिलेलं असतं:
जुनं लोखंड, किंमत नाही.
किंमत मला ठाऊक आहे.
तेवढ्यात आमच्या छपराच्या पाट्या बदलून झाल्या असत्या.

जीप सापडली लाकडाच्या वखारीमागे.
कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या.
त्याने घासायला घेतली
तेव्हा आधी निघाला वखारीचा निळा,
मग गंज,
मग निळ्याखालून पिवळसर काहीतरी,
दुधावरच्या सायीसारखं.

थांब, मी म्हटलं.

तो रंग लेओन्तीनचा. सुईणीचा.
युद्ध संपल्यावर लिलावात तिने ही जीप घेतली
आणि फडताळांना लावून उरलेला रंग हिला फासला.
सैन्याच्या गाडीतून मूल आणायला जाणार नाही, म्हणाली.
मग सव्वीस हिवाळे.
त्यातल्या एका फेब्रुवारीत बर्फाने तारा तोडल्या,
गावभर वीज नाही,
तर तिने जीप आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणली,
अगदी काचेला नाक लावून,
इंजिन चालू ठेवलं, दिवे लावले.
त्या उजेडात मी आले.
आई सांगायची, तुझ्या रडण्याहून
ते इंजिन मोठ्याने खोकत होतं.

फिर्मँ म्हणाला, हा रंग काळाला धरून नाही.
कुठल्या काळाला?
युद्धाने ही गाडी वापरली अकरा महिने.
मी पोस्टातली आहे, मला हिशेब येतो.
त्याने घासकागद पाण्यात बुडवला
आणि उत्तर दिलं नाही.
रात्री जेवायला बसला तर
भुवयांवर सायीची भुकटी.
मी मिठाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला.

जूनमध्ये चौकात मेळावा भरला.
लिएजहून आलेली पोरं कुणाकुणाच्या पणजोबांचे बूट घालून,
बूट एक नंबर मोठे, चालणं बदकासारखं.
एक परीक्षक वही घेऊन गाडीखाली शिरला,
पाठीला गवत चिकटवून बाहेर आला,
म्हणाला, निर्दोष.
मी टाळ्या वाजवल्या. खोट्या नव्हत्या.
बॉनेटवर वाकले तर रंगात माझा चेहरा दिसला,
हिरवा,
ओळखू येण्याइतका.

संध्याकाळी मी भांडी घासत होते.
इंजिनाचा आवाज गोठ्याकडे न वळता
सरळ अंगणात आला, जवळ, आणखी जवळ,
माझी जिरेनियमची कुंडी त्याने पाडली, उचलली नाही,
आणि खिडकीशी थांबला.
मग दोन दिवे.
मला वाटलं होतं डोळे दिपतील.
पण तो उजेड कसा, तर कोमट चहासारखा,
ताटांवर जेमतेम पोचणारा,
माझ्या ओल्या हातांवर जरासा,
मागच्या भिंतीपर्यंत नाहीच.

त्याने काच खाली ओढायला हात नेला, जीपला काच नसते,
म्हणून नुसताच ओरडला:
सहा व्होल्ट, ओदिल!
तेव्हा एवढाच होता!

मी स्वयंपाकघरातला दिवा मालवला.