आमरातचा चढ

परकार म्हणतो, तेराशेचं इंजिन आहे तुझं,
बसव पंधराशेचं.
भोकाला भोक जुळतं, कापाकापी नाही,
गिअरबॉक्स तोच, वायरिंग थोडं इकडचं तिकडं.
शारजाहून कालच आलीय अर्धी कापलेली गाडी,
जपानात सावलीत वापरलेली.
दोनशे ऐंशी रियाल. मजुरी तुला काय सांगायची,
तू वेसवीचा, मी बाणकोटचा.

वादी कबीरच्या त्या गल्लीत
दुपारी तीनला पत्र्यालाही घाम फुटतो.
साखळीला टांगलेलं इंजिन,
खाटकाकडे असतं तसं,
काळं काही थेंब थेंब गाळत.
घोड्याचे दात बघावेत तशी
मी डिपस्टिक ओढली, वास घेतला,
समजत असल्यासारखी मान हलवली.
माझे चौऱ्याऐंशी घोडे. याचे एकशे सहा.
जास्तीचे बावीस
कुठे बांधायचे, हा हिशेब
कंपनीच्या बसमध्ये घरापर्यंत करत राहिलो.

रोज मी बसनेच जातो.
एको आहे ती तिघांची, सुट्टीच्या दिवसाची.
वादी अदई सोडली की रस्ता एकदम नाक वर करतो,
पहिल्या वळणापर्यंत ती बरी असते,
मग दुसऱ्या गिअरवर येते
आणि हुंदके देते.
नऊ वर्षं झाली,
पेट्रोल पंप मागे पडला
की हेमांगी न सांगता एसी बंद करते,
आम्ही काचा खाली घेतो,
तापल्या दगडांची वाफ
आत येऊन मांडीवर बसते.
मागून लँडक्रूझर दिवे मारतात.
मारू देत.

रेवा मागे बसून वळणं मोजायची,
आधी मोठ्याने,
मग मनात,
मग कानात वायरी घालून; पण ओठ हलायचे.
चार मिनिटं. एसीच्या घरघरीशिवाय
एवढीच मिळायची आम्हाला.
शाळेतली भांडणं, हेमांगीच्या पगारातली कपात,
गावाकडे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन,
सगळं त्या चढावर बोलून झालंय.
सपाटीवर कुणी काही बोललं नाही.

परकारचा रोज फोन.
गिऱ्हाईक आहे दुसरं, सूरचा एक पोरगा, रोकडा घेऊन उभा.
मुलकियावर इंजिनचा नंबर बदलावा लागेल,
पोलिसांचा कागद, तपासणी,
तेही मी करून देतो, तू फक्त हो म्हण.
मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं:
कंत्राट उरलं एकोणीस महिने.
गाडी आज विकली तर सहाशे,
नवं काळीज घालून विकली तरी सहाशेच.
खाली हेमांगीने पेन्सिलने लिहिलं,
रेवाचं हॉस्टेल.
आकडा लिहिला नाही. दोघांना पाठ होता.

ऑगस्टात तिला विमानतळावर सोडलं.
जाताना गाडीचं बूड रस्त्याला टेकत होतं,
दोन बॅगा, एक कुकर, कुकरच्या आत चिवडा.
येताना रात्र झाली.
चढ लागला, मी गिअर पाडायला हात नेला,
आणि गाडी तशीच चढत गेली.
एसी चालू, काचा बंद,
दुसरं वळण, तिसरं.
कमी झालं होतं ते एवढंच,
एकावन्न किलो आणि सामान.
हेमांगीचं बोट बटणापाशी गेलेलं,
तिथेच राहिलेलं.
चढतेय बघ, मी म्हटलं.
हं, ती म्हणाली,
आणि बटण दाबलंच.
काच खाली केली.
सातव्या वळणाशी
दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, सात.

सकाळी परकारला कळवलं,
दे त्या सूरच्या पोराला.
माझे नुसते प्लग बदल.
प्लगने काय होणार आहे? तो वैतागला.
काही नाही, म्हटलं.
डिसेंबरात सुट्टी आहे तिची,
तेव्हा रडेल गाडी.