सोपान कांदा खात नाही

आमच्या कुत्र्याला चातुर्मास बारा महिने.
कांदा वर्ज्य, लसूण वर्ज्य,
मनुका तर विषच,
वेकफील्डच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय.
म्हणून फोडणी पडायच्या आधी
मी त्याचा वाटा काढून ठेवतो
कड उडालेल्या निळ्या बशीत,
नैवेद्य काढावा तसा.
फरक इतकाच,
देव असा टक लावून बघत बसत नाही.

शर्यतीतला ग्रेहाउंड.
कानात हिरव्या शाईचे आकडे,
तीन वर्षं खोट्या सशामागं धावला
आणि एकदाही तो हाती लागला नाही.
नाव मी ठेवलं,
आमच्या गावच्या उंच, हडकुळ्या पोस्टमनचं.
घरी आणल्यावर कळलं
याला जिना ठाऊकच नाही.
सोपान, आणि पायरी चढेना!
अश्लेषा तिसऱ्या पायरीवर बसून
हसून हसून डोळे पुसत होती,
आणि हा खाली, एक पाय हवेत धरून,
जणू नदीला उतार आहे का बघतोय.

मार्जोरी शेजारच्या डोरीनबाईंची.
बाई लेकीकडे लीड्सला गेल्या, ही राहिली.
नाव बदलावं लागलं नाही,
मार्जोरी म्हणजे मार्जारच की.
घरात आता ती एकटी मांसाहारी,
आणि तो तोरा तिच्या शेपटीत दिसतो.

कारण जानेवारीत अश्लेषानं मटण सोडलं.
का, विचारलं. म्हणाली, सुचलं.
मी कोल्हापूरचा.
मीही सोडलं तिच्यामागून,
जरा लंगडत.

मग शनिवारचे प्रयोग.
सेलरीअॅकचं भरीत,
भिजलेल्या वर्तमानपत्राच्या चवीचं.
रुबार्बची आमटी, चुक्याच्या भरवशावर,
दात दोन दिवस आंबलेले.
ब्रसेल्स स्प्राउट्सना मटकी मानून केलेली मिसळ,
तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही.
अश्लेषा प्रत्येक वेळी म्हणायची, बरं झालंय.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
त्या "बरं"चं वजन मला ग्रॅममध्ये सांगता येतं.

फेब्रुवारी संपता संपता ती तापली.
बाहेर चार वाजताच अंधार,
खिडकीला पाऊस नाही, नुसता घाम.
फ्रिजमध्ये तीन पार्सनिप, सुरकुतलेले.
किसले.
ब्रॅडफर्डहून आणलेलं ज्वारीचं पीठ, तीळ, ओवा,
बारीक कांदा, मिरची,
आणि त्याआधी अर्थात बशीतला तो अळणी गोळा.
थापलं, भोकं पाडली, झाकण ठेवलं.
ताट घेऊन वर गेलो
आणि त्याची बशी ओट्यावर विसरलो.

तिनं पहिला घास मोडला
तेवढ्यात खालून आवाज.
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
टक् टक्.
आम्ही श्वास धरून बसलो,
परीक्षेचा निकाल रेडिओवर लागत असावा तसे.
तेरा पायऱ्या.
दारात आधी नाक आलं, मग मान,
मग उरलेला सगळा सोपान, लटपटत,
चेहऱ्यावर एकच प्रश्न:
माझं कुठाय?

कांदा आहे यात, कांदा! म्हणत
तापलेली अश्लेषा ताट डोक्यावर धरून पलंगावर उभी.

उतरणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
बत्तीस किलो उचलून मी खाली आणला,
त्याचे चारी पाय माझ्या कोटाबाहेर,
एक सपाता सातव्या पायरीवर राहिली.
मार्जोरीनं वाट दिली नाही.
तव्यावरचं दुसरं थालीपीठ कोळसा झालं होतं,
धुराची घंटा बोंबलत होती,
आणि त्या गदारोळात वरून आवाज आला,
घोगरा:

"ऐकलंस का?
यात काय घातलंयस?"

पार्सनिप, मी ओरडलो.

जरा वेळ काही नाही.
सोपाननं बशी चाटून
भिंतीपर्यंत ढकलत नेली.

"पुन्हा कर."