वादी हाजिर

नकाशावर निळी रेघ हवी, असं पत्रात लिहिलंय.
नदीकाठचं उद्यान म्हणायचं
तर नदी दिसायला नको?
मी रास अल-खैमाच्या डोंगरात
अकरा दगडी घरांपुढे तिवई रोवून उभी आहे
आणि दुर्बिणीत दिसतात नुसते गोटे,
टरबुजाएवढे, म्हशीएवढे,
एकमेकांना टेकून निजलेले.
पाणी शेवटचं आलं तेव्हा
गुल नवाज गवंड्याचा धाकटा जन्मला नव्हता.
आता तो दहावीत आहे, मर्दानला.

इथे कोरड्या नदीला वादी म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं मला.
माझे वडील विट्याच्या कोर्टात शिपाई,
दारात उभं राहून पुकारा करायचे
तीनदा: वादी हाजिर?
आवाज असा
की समोरच्या रसवंतीचा बैल थांबायचा.

घरांची दारं कमरेएवढी.
आधी डोकं आत, मग खांदे, मग पाय चाचपडत,
कारण आतली जमीन दोन हात खोल.
धान्याचे रांजण आधी मांडले,
भिंती मागाहून उभ्या केल्या,
म्हणून रांजण दारातून निघतच नाहीत.
मीटिंगमध्ये विचारलं,
एखादा काढून स्वागतकक्षात ठेवता येईल?
मी म्हटलं, माप बसत नाही.
तेवढंच लिहून घेतलं त्यांनी.

भिंती जुन्या दिसाव्यात पण पडू नयेत, हीही एक अट.
गुल नवाजनं गिलाव्याचे तीन नमुने केले,
चाळीस वर्षांचा, शंभर वर्षांचा,
आणि तिसरा साहेबांना आवडेल असा.
तिसरा पास झाला.

ओबैद बिन खमीस चौथ्या घरात जन्मला.
राहतो खाली, सरकारी वसाहतीत, एसीत,
पण शेळ्या इथेच, म्हणून रोज पिकअप घेऊन वर येतो.
नकाशा त्यानं उलटा धरला,
बराच वेळ तसाच पाहिला,
मग दोनशे गाड्यांच्या वाहनतळावर बोट ठेवून म्हणाला, चल.

तिथे सपाट, मोकळं, रोलर फिरवल्यासारखं.
मधोमध एक सिद्र, आमच्या बोरीची चुलतबहीण.
त्यानं वर दाखवलं.
माझ्या डोक्याच्याही हातभर वर, बेचक्यात,
काटक्यांचा भारा अडकलेला, वाळलेला,
आणि त्यात लहान मुलाची एक चप्पल,
प्लास्टिकची, उन्हानं पिवळी पडलेली.
कुणाची? मी विचारलं.
पाण्याची, तो म्हणाला.

घरं तिथून पन्नास पावलं वर.
अकराच्या अकरा.
बांधणाऱ्यांनी लेव्हल लावली नव्हती.

बाबा सांगायचे, वादी म्हणजे ज्याचा दावा आहे तो.
अठरा तारखा चुकवील, वीस चुकवील,
वकील मरेल, न्यायाधीश बदलतील,
प्रतिवादी जागेवर दुकान टाकून बसेल आरामात,
आणि एका सकाळी
धोतराचा सोगा धरून तो पायऱ्या चढताना दिसेल.

मी वाहनतळ वर सरकवला. साठ मीटर.
मंजूरही झाला, भराव कमी लागतो म्हणून.
चपलेचा उल्लेख इतिवृत्तात नाही.
निळी रेघ मात्र काढावी लागली;
मी ती घरांच्या पायथ्यापर्यंत रुंद केली,
सगळ्यांना वाटलं, सजावट.

ओबैदनं जाताना एवढंच विचारलं,
मला तिकीट लागेल का?
आणि शेळ्यांना?
यादीत वयोवृद्ध होते, अपंग होते, शाळेच्या सहली होत्या.
चौथ्या घरात जन्मलेल्यांसाठी रकाना नव्हता.
बघते, म्हटलं. अजून बघतेच आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत
सगळे सावलीला गेल्यावर
मी पात्रात उतरून एकदा पुकारा केला, बाबांसारखा.
आवाज समोरच्या कड्यावर आपटून
जरा बारीक होऊन परत आला.
गुल नवाजनं डब्यातून मान वर केली,
किसको बुलाया, बाजी?
कुणाला नाही, म्हटलं.
तारीख लागली नाही अजून.