पाखरांच्या आधी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, विमानांच्या वाटेत
बाग करायची, पण कुणी वस्तीला येऊ नये अशी.

रोइमाताच्या टेबलावर यादी:
बोरासारखं काही नको, दाणे नकोत,
फांद्या अशा की घरट्याला बूड मिळू नये,
तळं नको, निदान उघडं नको.
फुलं चालतील. वास बेताचा.

धावपट्टीच्या कडेने पेरलं ते गवत
मुद्दाम बाधणारं.
चिमणी एकदा टोचते, पोटात ढवळतं,
पुढच्या खेपेला लांबूनच वळते.
बुजगावण्याला निदान सदरा तरी असतो,
इथे हिरवंगार सगळं, आणि आत नकार.

"देखणं झालंय," साहेब म्हणाले.
होतंच.

मालधक्क्यामागे, कुंपणाला टेकून
एक प्लम कधी वाढला कळलंच नाही.
कुणी थुंकलेली कोय,
की डांबराखाली गेलेल्या मळ्याचं काही उरलेलं.
नियम सरळ: उपटा, नोंद करा.
तिने वहीत लिहिलं,
"तण. बघते आहे."

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात,
झाड लगडलं.
तेव्हापासून रोज पहाटे पाचला
ती आणि रात्रपाळीचा बंबवाला तावेरा
पाडाला आलेलं एकेक फळ
पाखरांच्या आधी खातात.
दात आंबतात, मनगटावरून रस कोपरापर्यंत.
कोयी खिशात.

पहिलं विमान डोक्यावरून जातं.
तारेवर एक चिमणी बसलेली असते.
तिच्याकडे पाठ करून तावेरा विचारतो,
"आज एक राहू द्यायचं का?"
रोइमाताच्या तोंडात प्लम असतो,
ती काही बोलत नाही.