दोन रेघा

आधी साखळीनं लोखंडी ताटली सोडायची.
दोन मीटर, चार, सहा.
चारला यंत्र म्हणालं चार पूर्णांक शून्य तीन.
इंगोले म्हणाले, पूसातलं पाणी, थंड आहे,
आवाज आळसानं चालतोय.
आणि त्यांनी तेवढा आळस आकड्यातून काढून टाकला.

मग काळी छत्री लॅपटॉपवर,
या काठापासून त्या काठाला ओळ एक,
पन्नास मीटर सोडून ओळ दोन.
वळणावर दसरू वलथरे
बैल वळवावा तशी नाव वळवतो.
मासेमारी सोसायटीचा जुना ढिवर, दिवसाचे सहाशे.
मशीन लावलेल्या नावेतही बांबू सोबत.

"इथं सोळा हात," तो पडद्याकडे न बघता.
पडद्यावर सात पूर्णांक दोन.
"इथं अकरा."
चार पूर्णांक नऊ.
इंगोले हसले, म्हणाले, याचंच बिल काढू.

ओळ सतरा, जुन्या नाल्याच्या तोंडापाशी
तो म्हणाला, "इथं वीस. बापाच्या जाळ्याची दोरी पुरत नव्हती."
पडद्यावर पाच पूर्णांक चार.

कोणी काही बोललं नाही.
दसरूनं मशीन बंद केलं, बांबू सोडला.
पाणी संपलं तिथं बांबू थांबला नाही,
आत जातच राहिला,
मूठ पाण्याला टेकेपर्यंत.

मी बारीक आवाज बंद करून जाड आवाज लावला,
जो गाळातून खाली उतरतो.
हळूहळू दुसरी रेघ उमटली,
पहिलीच्या खूप खाली, थरथरती,
नऊ पूर्णांक एक.
"बघा," इंगोले म्हणाले, "तुमचे वीस हात."
त्यानं बघितलं. मान हलवली नाही.

नळी उतरवली, वर ओढली, पाटावर आडवी उघडली.
वर काळी, आंबिलीसारखी पातळ, वास सडक्या अंड्याचा.
खाली धानाच्या तुसाचा बोटभर पट्टा.
मग तांबडा मुरूम. दसरू म्हणाला, "हे सडकेचं साल."
मग सागाचं एक पान,
मांस गेलेलं, शिरा शाबूत.
ते बोटावर घ्यायला गेले तर राहिलं नाही.
पिशवीवर लिहिलं: ओळ सतरा, नमुना तीन, काळी चिकण.

"बाई, हा आवाज मासोळीले आयकू येत असन का?"
नाही, इंगोले म्हणाले.
मी नावेच्या फळीला कान लावला.
टिक. टिक. टिक.
कोणीतरी खालचं दार
न थकता वाजवत होतं.

नकाशात वरची रेघ सलग येईल,
खालची ठिपक्यांची, शीर्षक 'मूळ तळ',
मध्ये जे आहे त्याला घनमीटर म्हणतील.

काठाला लागलो तेव्हा
बांबूवरचा गाळ सुकून पांढुरका होत होता.
दसरूनं तो धुण्याआधी हातानं मोजला,
कोपरापासून बोटापर्यंत, पुन्हा कोपरापासून.
आकडा त्यानं आम्हाला सांगितला नाही.