दुसरी चौकट

रबाळ्याच्या एमआयडीसीत रात्री अडीचला खोका येतो.
आणणारा मुलगा आधी सही मागतो, मग पाणी.

खोक्यावर नाव नसतं.
डावी. वय त्रेपन्न. साडेएकोणीस तास.
कुणाला बसवण्याजोगी उरली नाही, म्हणून आमची.

मी हातमोजे चढवते, बर्फ बाजूला सारते.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी,
आणि आत ती: राखाडी,
आठळीसारखी गुळगुळीत, पण हाताला जड.

दिवाळ्याच्या जेटीवर चांगुणाआत्या पहाटे बर्फ फोडायची,
शाळेआधी मी पाट्या मोजायचे.
"बरफान मावरं टिकतं गो," ती म्हणायची,
"जितं ऱ्हत नाय."
पीएचडीच्या पाचव्या वर्षी तेच वाक्य
मी चाळीस पानांत लिहिलंय, आलेखांसकट.

चार अंशांवर पेशी झोपतात, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो.
झोपत नाहीत.
दारावरचा पंप थकतो, मीठ आत शिरतं,
मिठामागून पाणी,
आणि पेशी फुगत जातात, ओल धरलेल्या गिलाव्यासारख्या.
तंतुकणिकांत सक्सिनेट साचत राहतं,
विझलेल्या चुलीशेजारी कुणी लाकडं रचत राहावं
तसं.

तेवढ्यानं ती मरत नाही.
टाके पूर्ण होतात, चिमटा सुटतो,
रक्त परत येतं, ती गुलाबी होते,
टेबलाभोवतीचे सगळे सुटकेचा श्वास सोडतात,
आणि नेमक्या त्या मिनिटात
रचलेली लाकडं एकदम पेट घेतात.
प्राणवायूनंच.

हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी
मी खाली टपरीवर बराच वेळ उभी होते.
अकरा वर्षं मस्कतला काढून बाबा घरी आले
तेव्हा आमच्याकडे काय झालं
ते कुणी मला नीट सांगितलं नव्हतं.
टपरीवाल्यानं चहा दोनदा गरम करून दिला.

म्हणून मी घाई करत नाही.
धमनीत नळी बसवते, द्रव सोडते.
दहा अंश. थांबते.
पंधरा. थांबते.
वीसवर घड्याळ बघते आणि मुद्दाम परत बघत नाही.
शेजारच्या कपाटात गेल्या महिन्यातल्या किडनीचे काप आहेत,
तिला एकदम सदतीसवर नेली होती, जुन्या पद्धतीनं.
तिच्या नलिकांच्या आतली झालर
ठिकठिकाणी गळून पडलेली, पडद्याची किनार उसवावी तशी.
शंभर पेशींत एकतीस गेलेल्या.
हळूहळू ऊब दिलेल्यांत तेवीस.

"आठांचा फरक," मुणगेकर सर म्हणाले. "नमुने किती?"
नऊ.
त्यांनी चष्मा काढून पुसला.
"नवावर कोण विश्वास ठेवणार?"
सर वाईट नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

फायलीत संमतीपत्राची प्रत असते, नावावर काळी पट्टी.
पहिली चौकट: प्रत्यारोपणासाठी. टिक ठसठशीत,
कागद मागून उठलेला.
दुसरी: ते न जमल्यास संशोधनासाठी.
इथे पेन थांबलंय. शाईचा एक ठिपका,
मग टिक, बारीक, चौकटीच्या आतच.
आयसीयूबाहेरच्या बाकावर तो ठिपका किती वेळ टिकला
ते मोजायची पद्धत माझ्याकडे नाही.
त्या माणसाला बहुतेक वाटत असेल
की ती कुठेतरी कुणाच्या पोटात काम करतेय.

पाच चाळीसला नळीच्या टोकाशी काहीतरी चमकतं.
मी वाकून बघते. हलवत नाही.
थेंब आहे. फिका, पिवळसर.
लघवी.
कुणाचीच नाही,
तरी लघवीच.

वहीत लिहिते: वेळ, तापमान, दाब.
मात्रा: एक थेंब.
'रुग्ण' या रकान्यात रेघ मारते
आणि सिरिंज शोधायला उठते, तो दुसरा जमायच्या आत.