पहिलं पित्त

ग्रोनिंगनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री सव्वा वाजता
एक यकृत एकटंच जागं आहे.

ना पोट, ना बरगड्यांचं छप्पर.
काचेच्या झाकणाखाली तपकिरी, ओलं,
आणि पंप त्याला घोट घोट रक्त पाजतोय,
सदतीस अंशांवर.
कालपर्यंत ते कुणाचं होतं
हे वीत्स्केला सांगितलेलं नाही.
वय तेवढं कळलंय: एकोणसत्तर.
पूर्वी असलं यकृत
‘नको, दमलंय’ म्हणून नाकारलं असतं.

पूर्वी बर्फ होता.
बर्फात ठेवलं की घड्याळ मानगुटीवर बसायचं.
गाडीचा भोंगा, जिन्यावर धावणारे पाय,
आणि पहाटे तीनला
डोळे चोळत टाके घालणारे हात.
त्या वर्षांतली दोन नावं
वीत्स्के कुणाला सांगत नाही.

आता सर्जनबाई घरी झोपल्यात.
मुद्दाम झोपवलंय त्यांना.
एवढ्या सगळ्या संशोधनातलं
तिला मनापासून पटलंय ते हेच.

दर अर्ध्या तासाला ती थेंबभर रक्त काढते,
लॅक्टेट बघते. अकरा. सात. चार पूर्णांक दोन.
पडद्यावर आपोआप उमटतं,
तरी वहीत लिहिते.

आपल्या भाषेत ह्या अवयवाची गंमत आहे.
काळीज म्हणताना आपला हात छातीवर, डावीकडे जातो;
खाटकाकडे काळीज मागा,
तो बरोबर यकृतच तोलून देतो.
आणि वेलांटी एक घर पुढे सरकली
की काळजी.
वीत्स्केला हे ठाऊक असायचं कारण नाही.
ती पंपाची नळी दोन बोटांनी चाचपते,
ताप बघावा तशी.

खालच्या मजल्यावर रिन्से होकेमा,
नखांपर्यंत पिवळा.
फ्रीसलँडच्या एका कालव्यावर
अडतीस वर्षं पूल उघडायचा तो.
होडी आली की काठीच्या दोरीला लाकडी बूट बांधून
खाली सोडायचा,
नावाडी त्यात नाणं टाकायचा.
संध्याकाळी त्यानं विचारलं,
“वर ते काय करतंय?”
“थांबलंय,” ती म्हणाली. “सकाळपर्यंत.”
“मग थांबू दे. घाईत पूल उघडला
की डोलकाठी मोडते.”

तीन चाळीस.
बाहेरच्या नळीच्या तोंडाशी काहीतरी लोंबकळलं.
दाट, काळपट हिरवं.
कुणाचं जेवण पचवायचं आहे
ते माहीत नसताना
त्यानं आपलं काम सुरू केलं होतं.
नळीखाली टांगलेल्या बारक्या बाटलीत
ते पडलं.
आवाज झाला नाही,
पण वीत्स्केला नाण्याचा आला.

तिनं लिहिलं: ३.४०. पित्त. रंग चांगला.
मग फोनपर्यंत गेली, आणि परत आली.
सर्जनबाईंना सहाला उठवायचं ठरलंय.
सहालाच.